कागद गरम का येतो?

शाळेत असताना परीक्षा तोंडावर आली की मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स काढायला मी अप्पा बळवंत चौकात जायचे. दुकान म्हणजे जिन्याखालची जेमतेम जागा. यंत्राच्या झाकणाखालून हिरवट उजेडाची पट्टी इकडून तिकडे सरकायची, आत काहीतरी घरघरायचं आणि कागद बाहेर पडायचा. तो गरम असायचा. डिसेंबरच्या सकाळी आम्ही तो गालाला लावायचो. त्याला एक तिखटसर वासही असायचा, वळवाची वीज कडाडून गेल्यावर हवेला येतो तसा. कागद गरम का येतो, हा प्रश्न मात्र तेव्हा कधी पडला नाही. तो पडायला घरात प्रिंटर घ्यायची वेळ यावी लागली.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर भाची शिकायला आमच्याकडे राहायला आली. तिला दमा आहे. तिची खोली दहा बाय दहाची, खिडकी एकच, आणि पाऊस लागला की तीही बंद. जर्नल, असाइनमेंट, नोट्स असं रोजचंच काही ना काही छापायचं होतं, म्हणून दुकानात गेलो. दुकानदाराने मन लावून माहिती दिली: मिनिटाला किती पानं, पानामागे किती पैसे, वाय-फाय आहे की नाही. सगळं ऐकून झाल्यावर मी विचारलं, "आणि यातून हवेत काय येतं?" तो क्षणभर थांबला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, हे आजवर कुणी विचारलंच नाही."

त्या दिवशी काहीच न घेता परतले आणि वाचायला बसले. पुढचे कित्येक दिवस त्या गरम कागदानेच पाठ धरली.

गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कमध्ये. चेस्टर कार्लसन पेटंटच्या कामात होते. कागदपत्रांच्या नकला हाताने करायच्या आणि हाडं संधिवाताने धरलेली. नक्कल करणारं यंत्र आपणच शोधायचं असं त्यांनी ठरवलं आणि राहत्या घराच्या स्वयंपाकघरातच गंधक वितळवायला सुरुवात केली. त्याचा वास घरात कसा कोंडत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. मग त्यांनी क्वीन्स भागातल्या अ‍ॅस्टोरियामध्ये एक खोली घेतली आणि ओटो कॉर्नाय या भौतिकशास्त्रज्ञाला मदतीला घेतलं. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी दोघांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने खसाखसा घासला. केसांत फिरवलेल्या कंगव्यावर जशी वीज बसते तशी ती त्या थरावर बसली. त्यावर तारीख आणि जागेचं नाव लिहिलेली काच ठेवून दिव्याचा प्रखर प्रकाश पाडला. उजेड लागला तिथली वीज ओसरली, अक्षरांच्या सावलीतली टिकून राहिली. मग लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीचे पिवळसर बीजाणू भुरभुरवले आणि फुंकर मारली. अक्षरं तेवढी पत्र्यावर उरली. ती मेणकागदावर दाबून घेतली आणि कागद तापवला, तेव्हा मेण वितळून अक्षरं पक्की बसली.

तापवणं पहिल्या दिवसापासूनच होतं, ते असं.

या पद्धतीला पुढे झेरोग्राफी नाव मिळालं. ग्रीक भाषेत झेरॉस म्हणजे कोरडं. शाई नाही, ओल नाही, नुसती भुकटी. घरातल्या लेझर प्रिंटरमध्ये आजही हेच चालतं. गंधकाच्या पत्र्याच्या जागी फिरता ड्रम आला, दिव्याच्या जागी लेझरचा किरण आणि बीजाणूंच्या जागी टोनर. टोनरला आपण सवयीने शाई म्हणतो, पण ती काजळी मिसळलेली प्लॅस्टिकची भुकटी असते. तिचा एकेक कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड धरला तर एका केसाच्या रुंदीत असे दहाएक कण शेजारी शेजारी बसतील. ड्रमवरून ही भुकटी कागदावर उतरते तेव्हा ते पान म्हणजे शब्दशः रांगोळी असते. रेघ न् रेघ बिनचूक, पण बोट लागलं की विस्कटणार. ती कायमची बसवायची तर प्लॅस्टिक वितळवून कागदाच्या धाग्यांत दाबायला हवं. त्यासाठी प्रिंटरच्या बाहेर पडायच्या तोंडाशी एक छोटी भट्टी असते. तिला फ्यूजर म्हणतात.

एका दुरुस्तीवाल्याकडे मी ती उघडलेली पाहिली. हातभर लांबीचा खोका, त्यात खाली रबराचा करडा दाब-रोलर आणि वर चॉकलेटी रंगाची, कागदासारखी पातळ, गोल नळी. दुरुस्तीवाले तिला टेफ्लॉन म्हणतात. नळीच्या आत तापणारी पट्टी आणि नळी अडखळू नये म्हणून लावलेलं पांढरट ग्रीस. "फाटलेलं टेफ्लॉन हाताला कळतं," म्हणत त्याने त्यावरून अंगठा फिरवला. कागद या दोघांच्या मधून सरकतो तेव्हा तिथलं तापमान १८० ते २०० अंशांच्या घरात असतं, पुरीच्या तेलाइतकं. पान त्यात राहतं क्षणाचाही काही अंश, पण तेवढ्यात भुकटी वितळते, कागदातली ओल वाफ होऊन निघते आणि पान गरम होऊन बाहेर येतं. लेझर प्रिंटर सुरू झाला की घरातला दिवा किंचित मिचकावतो, आणि हा प्रिंटर इन्व्हर्टरवर लावू नका असं सांगतात, तेही या भट्टीमुळेच. थंड भट्टी काही सेकंदांत तापवायला शेकडो वॅट लागतात.

आता हवेकडे येऊ. प्रिंटरमधून काही बाहेर पडत असेल तर ती टोनरची भुकटीच असणार, असंच मलाही वाटत होतं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात लिडिया मोराव्हस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सहा मजली कार्यालयातले ६२ प्रिंटर एकेक करून तपासले. त्यांचा शोधनिबंध २००७ मध्ये आला. ६२ पैकी ३७ मधून कण सुटतच नव्हते. १७ मात्र भरपूर कण सोडत होते. कामाच्या वेळेत त्या कार्यालयाच्या हवेतल्या कणांची संख्या पाचपट वाढत होती, ती मुख्यतः प्रिंटरांमुळे. हे कण टोनरच्या कणांपेक्षा कितीतरी लहान, ०.१ मायक्रॉनच्याही खालचे होते. त्यांना अतिसूक्ष्म कण म्हणतात. (करोनाच्या काळात विषाणू हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य करावं म्हणून २३९ शास्त्रज्ञांचं पत्र निघालं होतं. त्यात पुढाकार घेणाऱ्या मोराव्हस्का त्या याच. हवेत काय तरंगतं याचा पिच्छा त्यांनी आयुष्यभर पुरवला आहे.)

मग हे कण येतात कुठून? जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी मला फार आवडलेला एक प्रयोग केला. त्यांनी प्रिंटर टोनरशिवाय आणि कागदाशिवाय चालवला. छापायला काहीच नाही, भुकटीचा मागमूस नाही, नुसती यंत्रणा फिरते आहे आणि भट्टी तापते आहे. तरीही कण सुटले! म्हणजे ते भुकटीचे तुकडे नव्हतेच. भट्टीच्या आसपासची ग्रीस, सिलिकॉन आणि प्लॅस्टिकमधली तेलकट द्रव्यं तापून वाफ होतात. ही वाफ खोलीच्या गार हवेत आली की थिजून तिचे अगणित थेंब होतात. कुकरच्या शिट्टीजवळ काहीच दिसत नाही आणि बोटभर अंतरावर पांढरी वाफ दिसू लागते, तसंच हे. फरक एवढाच की हे थेंब इतके बारीक असतात की प्रकाशालाही अडत नाहीत, म्हणून कधीच दिसत नाहीत. प्रिंटर म्हणजे आधी नसलेले कण हवेतल्या हवेत घडवणारा कारखाना आहे, हे वाचलं त्या रात्री मी कितीतरी वेळ तशीच बसून होते.

थंड भट्टी तापू लागते तेव्हा, म्हणजे छपाईच्या सुरुवातीलाच, या कणांचा मोठा लोट येतो. म्हणून दिवसभरात दहा वेळा एकेक पान छापण्यापेक्षा दहा पानं जमवून एकदाच छापलेली बरी.

किती कण? इथे आकडे हाताळायला मजा येते. जर्मनीत १९७८ पासून 'ब्लाउअर एंगेल', म्हणजे निळा देवदूत, नावाचं पर्यावरण-चिन्ह आहे. बर्लिनच्या पदार्थ-परीक्षण संस्थेने घडवलेल्या पद्धतीने प्रिंटर बंद कक्षात चालवून त्यातून काय काय सुटतं ते मोजलं जातं. २०१० नंतरच्या दशकात या चिन्हाच्या अटींत अतिसूक्ष्म कणांची मर्यादाही आली. ती आली तेव्हा अशी होती: १० मिनिटांच्या छपाईत ३५,००० कोटींपेक्षा जास्त कण नकोत. हा आकडा वाचून छातीत धस्स होतं. पण एक कण सरासरी ०.०५ मायक्रॉनचा आणि पाण्याइतक्या घनतेचा धरला, तर या सगळ्या कणांचं मिळून वजन होतं सुमारे २३ मायक्रोग्रॅम. खसखशीच्या एका दाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी!

हेच कण भाचीच्या खोलीत पसरले तर? दहा बाय दहा बाय दहा फूट म्हणजे सुमारे २८ घनमीटर. त्यात समान पसरले तर दर घनसेंटिमीटरला बारा हजारांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अतिसूक्ष्म कणांबद्दल जे सांगितलं त्यात घनसेंटिमीटरमागे २४ तासांची सरासरी १०,००० च्या वर किंवा तासाभराची २०,००० च्या वर गेली तर ती जास्त समजावी, असं म्हटलं आहे. म्हणजे मर्यादेतला प्रिंटरसुद्धा बंद खोलीत दहा मिनिटं चालला तर तेवढ्या वेळापुरता आपल्याला या दोन आकड्यांच्या मधे नेऊन सोडतो. खिडकी उघडी असेल तर मात्र ही संख्या भराभर उतरते.

आणि वजनाच्या भाषेत? २३ मायक्रोग्रॅम भागिले २८ घनमीटर, म्हणजे घनमीटरला एक मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. म्हणून पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण, मोजायचं घरगुती यंत्र प्रिंटरशेजारी ठेवलं तरी ढिम्म हलत नाही. ते कणांवरून उसळणारा प्रकाश मोजतं आणि ०.३ मायक्रॉनच्या खालचं त्याला जवळजवळ दिसतच नाही. आकडा हिरवा दिसला म्हणजे प्रिंटर निर्दोष, असं समजू नये. मी स्वतः आधी तसंच समजत होते.

एवढे बारीक कण नाकातल्या केसांना किंवा घशाला अडत नाहीत. हवेच्या रेणूंचे धक्के खात ते सैरावैरा भटकतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसांच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. ज्याच्या श्वासनलिका आधीच हुळहुळ्या आहेत त्याने त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं.

तरीही प्रिंटरला एकट्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं अन्यायाचं होईल. फोडणी, तळण, गॅसची ज्योत आणि उदबत्ती या सगळ्यांतून अतिसूक्ष्म कण सुटतात, आणि घरात त्यांचा मोठा वाटा स्वयंपाकघराचाच असतो. २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात एक मच्छर-कॉइल जळताना सुटणारे पीएम २.५ कण वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. रात्री कॉइल लावून दिवसा प्रिंटरची काळजी करणं म्हणजे घराचं दार उघडं टाकून कपाटाला कुलूप लावणं. आमच्या घरी आधी कॉइलची डबी गेली आणि खिडक्यांना जाळ्या आल्या. प्रिंटरचा विचार त्यानंतर. पण प्रिंटरची एक गोष्ट वेगळी आहे. तो टेबलावर असतो, अभ्यास करणाऱ्या पोरीच्या नाकापासून हातभर अंतरावर. शेगडीजवळ कोणी चार तास बसून वाचत नाही.

आता त्या तिखट वासाकडे. बाझेलमध्ये क्रिस्टियान शोनबाइन यांना विजेच्या प्रयोगांत एक विचित्र वास वारंवार येत होता. १८४० मध्ये त्यांनी त्या वायूला ओझोन नाव दिलं, कारण ग्रीक भाषेत ओझाइन म्हणजे वास येणं. जुन्या झेरॉक्स यंत्रांत ड्रमवर वीज बसवण्यासाठी बारीक तारेत हजारो व्होल्ट सोडत. तारेभोवतीची हवा फुटे आणि ओझोन होई. आजच्या घरगुती लेझर प्रिंटरांत बहुतेक ठिकाणी तारेच्या जागी ड्रमला टेकून फिरणारा रोलर असतो, त्यामुळे ओझोन पुष्कळच घटला आहे. निळ्या देवदूताच्या अटींत काळ्या-पांढऱ्या लेझर यंत्राला छपाईच्या तासाला १.५ मिलिग्रॅम ओझोनची सूट होती आणि रंगीत यंत्राला ३. रंगीत यंत्रात टोनर चार असतात, त्यामुळे हे समजण्यासारखं आहे. पण घरी रंगीत लेझर घेताना हे दुप्पट लक्षात ठेवावं. दुसरं म्हणजे ओझोन एकटा राहत नाही. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या वासाच्या फरशी-पुसणीतल्या सुगंधी द्रव्यांशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि पुन्हा नवे अतिसूक्ष्म कण तयार होतात. दोन बऱ्या वाटणाऱ्या वासांतून तिसरंच काहीतरी जन्माला येतं.

इतकं वाचल्यावर दुकानात विचारायचा प्रश्न सोपा झाला: यात तापतं काय?

एलईडी प्रिंटर असं लिहिलेलं असलं तरी भुलू नये. त्यात लेझरच्या जागी दिव्यांची रांग असते, भट्टी तीच. इंकजेट आणि इंक टँक प्रिंटरांत मात्र भट्टीच नाही. जपानमध्ये १९७७ साली कॅनन कंपनीतल्या इचिरो एंदो यांच्या हातून तापलेला सोल्डरिंगचा रॉड शाईच्या पिचकारीच्या सुईला चुकून लागला आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. त्या अपघातातून बुडबुड्यांचा प्रिंटर जन्मला. छिद्रामागची इवलीशी पट्टी मिलिसेकंदाहूनही कमी वेळात ३०० अंशांपर्यंत तापते, शाईत वाफेचा बुडबुडा फुगतो, एक थेंब बाहेर फेकतो आणि तिथल्या तिथे विरतो. उष्णता इथेही आहे, पण ती थेंबाएवढ्याच जागेत कोंडलेली असते आणि जे तापतं ते मुख्यतः पाणी. दुसऱ्या जातीत तेवढंही तापत नाही. तिच्यात दाब-विजेचा स्फटिक असतो. तो आपल्या ओळखीचा आहे. गॅस पेटवायच्या खटक्याच्या लायटरमध्ये दाबलं की ठिणगी पडते ती अशाच स्फटिकामुळे. हा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधला. लायटरमध्ये दाबातून वीज होते, प्रिंटरमध्ये नेमकं उलट होतं: वीज दिली की स्फटिक वाकतो आणि शाईचा थेंब ढकलतो. हा थेंब तीन पिकोलिटरचा धरला, तर एका मिलिलिटरमध्ये असे ३३ कोटी थेंब मावतील. अशा प्रिंटरमधून कण नगण्य येतात, ओझोन येत नाही. शाईतल्या ग्लायकोल आणि अल्कोहोलसारख्या द्रव्यांचा थोडा वास येतो, तोही पान ओलं असेपर्यंत.

इंकजेटची अडचण वेगळीच. तो वापरला नाही तर शाई तोंडाशी वाळते. विदर्भातल्या मे महिन्यात पंधरा दिवस बंद राहिला तर डोकं चोंदलंच म्हणून समजा. आठवड्याला एक रंगीत पान छापत राहावं लागतं. ज्यांना महिनोन् महिने काही लागत नाही आणि मग एकदम शंभर पानं लागतात त्यांना लेझरच सोयीचा, कारण कोरडी भुकटी वाळणार कशी? त्यांनी काळा-पांढरा घ्यावा, निळ्या देवदूताच्या यादीत ते मॉडेल आहे का ते बघावं, तो झोपायच्या खोलीत न ठेवता गॅलरीच्या दाराजवळ ठेवावा आणि पाठीमागची जाळी भिंतीकडे किंवा माणसाकडे नव्हे, मोकळ्या हवेकडे करावी. यंत्र नवं असताना प्लॅस्टिकचा वास जास्त येतो, म्हणून पहिले काही दिवस खिडकी उघडी ठेवून चालवावं. टोनर सांडलाच तर ओल्या गार फडक्याने टिपावा. गरम पाणी लावलं की भुकटी मऊ होऊन चिकटते, आणि साध्या व्हॅक्यूमने ती मागच्या बाजूने परत खोलीभर उडते. हेपा गाळणीचा एअर प्युरिफायर अतिसूक्ष्म कण उत्तम पकडतो, पण वायू आणि वास पकडायला त्यात कोळशाची गाळणी लागते. आयन सोडणारा प्युरिफायर तर घेऊच नये, त्यातून स्वतःचाच ओझोन येऊ शकतो.

आणि महिन्याला चार पानं लागत असतील तर कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकानच बरं. तिथे गेले की आता माझी नजर यंत्राआधी पंख्याकडे जाते. आठ बाय दहाच्या जागेत दोन यंत्रं दिवसभर तापलेली, आणि दुकानाचे काका त्यांच्या मधल्या स्टुलावर. त्यांचा एक्झॉस्ट फॅन दरवाज्यावर होता, म्हणजे यंत्रांची सगळी हवा आधी त्यांच्या तोंडावरून जायची आणि मग बाहेर. मी ते बोलून दाखवलं. त्यांनी दिवाळीत रंग काढला तेव्हा फॅन यंत्रांमागच्या भिंतीत हलवला. "पान गरम येतंय, पण दुकान गार वाटतंय," असं ते परवा म्हणाले.

आमच्या घरी अखेर इंक टँक आला, खटक्याच्या लायटरच्या जातीचा. गॅलरीजवळच्या स्टुलावर बसवला. भाचीने पहिलं पान काढलं, मधमाशीच्या पायाची रंगीत आकृती. मी सवयीने हात पुढे केला.

"आत्या, गारच आहे," ती म्हणाली, "आणि जरा ओलंसुद्धा."

बाहेर पाऊस होता. तिने ते पान चिमटा लावून गॅलरीतल्या दोरीवर, वाळत घातलेल्या ओढणीशेजारी अडकवलं आणि दार उघडंच ठेवलं.